लाल त्रिकोणाचा शिक्का : बर्टनच्या बास पेढीची वांटणी व बीअर पिणारांची तक्रार

पुणें येथील आमच्या एका संग्राहक स्नेह्यांजवळ जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत बाटलीवर चिकटविण्याचें एक लंबवर्तुळाकार लेबल आहे. त्यावर लाल त्रिकोण, त्याखालीं सहीच्या वळणाचीं अक्षरें आणि ‘पेल एल’ हे शब्द आहेत. मोडी कागदांच्या शोधास निघालेल्या मनुष्याच्या हातीं असा कागद आला म्हणजे तो बहुधा बाजूस टाकितो. आमच्या स्नेह्यांनीं तो टाकिला नाहीं. त्यांनीं तो आम्हांस दाखवून साधाच प्रश्न विचारिला : “ही पेढी आज चालू आहे काय, आणि असल्यास कोणाची?” उत्तर एका वाक्यांत देतां येईल अशी आमची समजूत होती. शोध करूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, ह्या प्रश्नास चार उत्तरें आहेत व चारही खरीं आहेत. आणि विलायतेंतील बीअर पिणारे लोक गेलीं पन्नास वर्षें जी तक्रार करीत आले आहेत तिचें मर्म ह्या चार उत्तरांतच सांपडतें. त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांस बीअरशीं कर्तव्य नसेल. आम्हांसही फारसें नाहीं. परंतु शिक्का एकाचा, वाडा दुसऱ्याचा व दप्तर तिसऱ्याच्या घरीं, असा प्रकार ज्यांनीं आपल्या इकडील कागदांत पाहिला आहे त्यांस हा विषय अगदींच परका वाटणार नाहीं.

प्रथम शिक्क्याविषयीं. इंग्लंडांत व्यापारी चिन्हें नोंदविण्याचा कायदा १८७५ मध्यें झाला व ता. १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी अमलांत आली. त्या नोंदवहींतील पहिल्या अंकाचें चिन्ह तें हाच लाल त्रिकोण. पेढीचा एक नोकर वर्षाच्या शेवटच्या रात्रीं कचेरीच्या दाराशीं बसून राहिला व म्हणून पहिला अंक मिळाला, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट बखरीच्या जातीची आहे. अंक मात्र अस्सल आहे. फ्रेंच चित्रकार एद्वार मॅने यानें १८८२ मध्यें पॅरिसच्या फोली-बेर्जेर ह्या करमणूकगृहांतील मद्यविक्रीच्या टेबलाचें जें प्रसिद्ध चित्र प्रदर्शनांत मांडिलें व जें आज लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहांत आहे, त्यांतील बाटल्यांवर हा त्रिकोण स्पष्ट ओळखूं येतो. चिन्ह इतकें चालतें झाल्यावर त्याच्या नकला निघाव्या हें ओघानेंच आलें. खोट्या लेबलांशीं पेढीस दीर्घकाळ झगडावें लागलें. इनाम कमिशनापुढें आलेल्या बनावट सनदांचे तक्ते ज्यांनीं चाळले आहेत त्यांस ह्यांत नवल वाटावयाचें नाहीं. सबब आमच्या स्नेह्यांचें लेबल अस्सलच असेल असें आम्ही छातीवर हात ठेवून सांगत नाहीं.

बास पेढी विल्यम बास यानें १७७७ मध्यें ट्रेंट नदीवरील बर्टन गांवीं स्थापिली. ह्या गांवच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्समचा अंश मोठा असून फिकट रंगाची व कडसर चवीची बीअर त्या पाण्यांत उत्तम उतरते. बर्टनचा जुना व्यापार बाल्टिक समुद्राच्या वाटेनें रशियाशीं असे. १८२२ मध्यें रशियानें जकात वाढविली व तो व्यापार बसला. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे एक डायरेक्टर कॅंपबेल मार्जोरीबँक्स यांनीं बर्टनचे सॅम्युएल ऑल्सप यांस हिंदुस्थानच्या पेठेकडे लक्ष देण्यास सुचविलें. तोंपर्यंत ही पेठ मुख्यत्वें लंडनजवळील बो येथील हॉजसनच्या हातीं होती. ऑल्सपच्या कारखान्यांत पहिला नमुना चहाच्या किटलींत करून पाहिला, अशी एक घरगुती कथा आहे. तीही वरील नोकराच्या गोष्टीच्याच शेजारीं ठेवावी. ऑल्सपच्या मागून बास ह्या धंद्यांत शिरला व त्याच्याही पुढें गेला. बर्टनचीं पिंपें व बाटल्या कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या बंदरीं उतरून छावण्यांत जाऊं लागल्या. पुणें लष्कर व खडकी हीं ठाणीं लक्षांत घेतलीं म्हणजे हें लेबल पुण्यास कसें आलें असावें ह्याचा उलगडा होतो.

१८७७ च्या सुमारास बास ही जगांतील सर्वांत मोठी ब्रुअरी गणली जात असे. येथपर्यंतची हकीकत पिणारे लोक अभिमानानें सांगतात. पुढची हकीकत सांगतांना मात्र एक गोष्ट त्यांच्याकडून बहुधा गाळली जाते, ती आम्ही येथें नमूद करितों. लहान पेढ्या गिळण्याचें काम परदेशी कंपन्यांनीं प्रथम आरंभिलें नाहीं. तें बासनेंच पुष्कळ केलें. १९२७ मध्यें शेजारची वर्दिंग्टन, १९६१ मध्यें बर्मिंगहॅमची मिचेल्स अँड बटलर्स आणि १९६७ मध्यें लंडनची चॅरिंग्टन ह्या पेढ्या बासशीं एक झाल्या. अशा रीतीनें १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील बहुतेक धंदा सहा मोठ्या घराण्यांच्या हातीं गेला होता, व तीं सहाही घराणीं त्यांच्याच देशांतलीं होतीं. ह्या घराण्यांचा कल पिंपांतील जिवंत बीअर सोडून निर्जंतुक केलेली, वायूच्या दाबानें नळांतून निघणारी बीअर खपविण्याकडे होता. जिवंत म्हणण्याचें कारण असें कीं, जुन्या पद्धतीची बीअर कारखान्यांतून निघाल्यावरही पबच्या तळघरांत पिंपामध्यें मंदपणें आंबत असते, व तिची निगा पबवाल्यास दररोज ठेवावी लागते. ही पद्धत बुडूं नये म्हणून १९७१ मध्यें आयर्लंडांत प्रवासास गेलेल्या चार तरुण इंग्रजांनीं एक चळवळ काढिली. तीच पुढें ‘कँपेन फॉर रिअल एल’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाली.

ह्या मंडळीचा पहिला मोर्चा १९७३ मध्यें स्टॅफर्डशायरमधील स्टोन गांवीं निघाला. तेथील जूल नांवाची ब्रुअरी १७८० पासून चालत आलेली. ती बंद करण्याचा निर्णय तिच्या मालकांनीं घेतला होता. आणि हे मालक कोण? तर बास-चॅरिंग्टन. मोर्चाचा उपयोग झाला नाहीं. १९७४ मध्यें जूल बंद पडली. आज जे लोक बासच्या नांवानें हळहळतात त्यांच्याच वडील पिढीनें बासच्या विरुद्ध रस्त्यांत पाऊल टाकिलें होतें, ही गोष्ट आम्हांस ह्या सर्व प्रकरणांत फार बोलकी वाटते. तक्रार परकीयांविषयीं आहे असें वरवर दिसतें, पण स्टोनच्या मोर्चाला हें स्पष्टीकरण लागू पडत नाहीं.

आतां वांटणीची हकीकत. सन २००० मध्यें बास कंपनीनें आपला बीअरचा सर्व धंदा बेल्जमच्या इंटरब्रू कंपनीस २३० कोटि पौंडांस विकिला. ब्रिटिश सरकारनें मक्तेदारीच्या भीतीनें हरकत घेतली. वाद कोर्टांत गेला, व अखेर बर्टनचे कारखाने आणि धंद्याचा मोठा भाग २००२ च्या आरंभीं अमेरिकेच्या कूर्स कंपनीकडे गेला. परंतु बास हें नांव व लाल त्रिकोण इंटरब्रूनें आपल्याकडेच ठेविला. हीच इंटरब्रू आणखी मोठ्या कंपन्यांशीं एक होत होत २००८ पासून एबी इनबेव्ह ह्या नांवानें ओळखली जाते. कूर्सही २००५ मध्यें कॅनडाच्या मोल्सनशीं मिळाली. पिंपांतील बास काहीं काळ कूर्सनें बेल्जन मालकासाठीं मक्त्यानें करून दिली व २००५ पासून तें काम बर्टनमधल्याच मार्स्टन्स पेढीकडे आलें. २०२० मध्यें मार्स्टन्सचे कारखाने डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गबरोबर भागीदारींत गेले व २०२४ मध्यें कार्ल्सबर्गनें उरलेला वांटाही विकत घेतला. राहतां राहिली मूळ बास कंपनी. तिनें बीअर विकल्यावर नांवही सोडिलें, व तिचा कायदेशीर वंश आज ‘इंटरकाँटिनेंटल’ ह्या हॉटेल-कंपनीच्या रूपानें नांदत आहे.

म्हणजे स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर असें : पेढीचा वंश हॉटेलांत, शिक्का बेल्जमास, वाडा व विहिरी अमेरिकन घराण्याकडे, आणि चूल शेजाऱ्याकडे, तोही पुढें डेन्मार्कच्या पदरीं गेलेला. पेशव्यांच्या मुद्रेवर सातारच्या छत्रपतींचें नांव अखेरपर्यंत राहिलें व कारभार मात्र पुण्यास होत होता, हें आपणांस ठाऊकच आहे. फरक एवढाच कीं, साताऱ्यास निदान गादी होती. ह्या शिक्क्यामागें गादी कोणती हें दाखवितां येत नाहीं.

पिणारांची तक्रार नेमकी काय आहे? त्यांचीं म्हणणीं आम्हीं बरींच वाचलीं. बहुतेकांत पहिलें वाक्य चवीविषयीं असतें : बीअर पूर्वीसारखी लागत नाहीं. चवीच्या आठवणीस आम्ही तोंडी परंपरेइतकीच किंमत देतों. ती टाकाऊ नव्हे, पण समकालीन कागदाचा आधार मिळेपर्यंत तिजवर इमारत रचूं नये. पाण्याचा मुद्दा तर फार जुना होऊन गेला आहे. बर्टनच्या पाण्यांत काय आहे हें रसायनशास्त्र्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच शोधून काढिलें, आणि तेव्हांपासून दूरदूरचे कारखानदार आपल्या पाण्यांत जिप्सम घालून त्यास बर्टनचें वळण देत आले आहेत. शिवाय बास स्वतंत्र असतांनाच तिनें १९८० च्या दशकाच्या आरंभीं आपली प्रसिद्ध ‘युनियन’ पद्धत मोडून टाकिली. चव बिघडल्याची ओरड तेव्हांच सुरू झाली होती. तेव्हां सर्व दोष २००० च्या खरेदीखतावर लादणें कालविपर्यासाचें आहे.

तथापि तक्रारीचा गाभा चव नव्हे असें आमचें मत झालें आहे. लेबलावर जें लिहिलें आहे तें आणि बाटलींत जें आहे तें ह्यांचा संबंध आतां पिणारास स्वतः पडताळतां येत नाहीं, हें त्यास बोचतें. गांवांतली ब्रुअरी होती तेव्हां तिचा वास रस्त्यावर येई, तिचे कामगार त्याच पबमध्यें बसत, आणि बीअर बिघडली तर कोणास विचारावें हें ठाऊक असे. आतां नांव तेंच राहतें, अक्षराचें वळण तेंच राहतें, आणि बीअर कोठें होते हें मालकाच्या सोयीनें ठरतें. आपण जुन्या पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, गांव व मिति पाहतों आणि मगच पोथीचें वय ठरवितों. शेवटचें पान एका पोथीचें व मजकूर दुसऱ्या हाताचा असें आढळलें तर आपण नकलेस नांवें ठेवीत नाहीं. नक्कल चांगलीही असूं शकेल. पण ज्यानें तें पान चिकटविलें त्याच्यावर आपला राग होतो. पिणारांचा राग ह्याच जातीचा आहे.

समकालीन कागद वर म्हटले ते ब्रुअरीच्या पाकवह्या होत. त्यांविषयीं संग्राहकांस थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे, कारण बीअरच्या इतिहासाचें खरें दप्तर तेंच. प्रत्येक पाकास एक अनुक्रमांक असे. त्यापुढें तारीख, मोड आणून भाजलेला जव किती व कोणाकडचा, हॉप्सचे फुलोरे किती पौंड, कोणत्या प्रांतांतले व कोणत्या सालच्या हंगामाचे, पाणी किती उष्ण, काढा किती वेळ उकळला, यीस्ट कोणत्या मागील पाकांतून घेतलें, आणि आंबण्याच्या प्रत्येक दिवशीं काढ्याचें घनत्व व उष्णता. घनत्व मोजण्याचें साधन जॉन रिचर्डसन यानें १७८४ च्या सुमारास प्रचारांत आणिलें. त्यापूर्वींच्या वह्यांत हा रकाना असत नाहीं, आणि वहीचा काळ ठरविण्यास ही एक खूण उपयोगीं पडते. अक्षर घाईचें, संक्षेप पुष्कळ व धंद्याची भाषा निराळी : पाण्यास पाणी न म्हणतां ‘लिकर’ म्हणतात. मापांचाही घोटाळा आपल्या पायली-मणासारखाच आहे. ‘क्वार्टर’ हें मूळचें आकारमान, आठ बुशेलांचें. माल्टच्या बाबतींत तें पुढें ३३६ पौंड वजनाचें ठरलें. हें ध्यानांत न ठेवितां बेरजा केल्यास जुनी बीअर होती त्याहून कडक किंवा सौम्य ठरते, व तशी ती अनेकांनीं ठरविलीही आहे.

लंडनच्या व्हिटब्रेड, ट्रूमन, बार्कले पर्किन्स इत्यादि बुडालेल्या पेढ्यांच्या अशा वह्या त्या शहराच्या सार्वजनिक दप्तरखान्यांत सुरक्षित आहेत. रॉन पॅटिन्सन ह्या संशोधकानें वर्षानुवर्षें त्या वाचून लोकप्रिय समजुतींपैकीं कित्येक उलथून टाकिल्या. उदाहरणार्थ, १९१४–१८ च्या महायुद्धांत धान्याची टंचाई व सरकारी निर्बंध ह्यांमुळें इंग्रजी बीअरचें बळ पुष्कळ खालीं आलें व पुढें तें पूर्वपदास आलेंच नाहीं. म्हणजे १९७१ च्या तरुणांनीं जी ‘जुनी’ बीअर वांचविली तीही त्यांच्या पणज्यांची बीअर नव्हतीच. लंडनमधील चिझिक येथील फुलर्स ब्रुअरीनें तर २०१० पासून आपल्याच जुन्या वह्या उघडून १८९१ सालची एक कडक बीअर वहीबरहुकूम पुन्हां केली व विकली. ह्याच फुलर्सनें २०१९ मध्यें आपला बीअरचा धंदा जपानच्या असाही कंपनीस २५ कोटि पौंडांस दिला व पब तेवढे स्वतःकडे ठेविले. ही विक्री कोणी बळजोरीनें करविली नव्हती. पबांत नफा अधिक व बीअर करण्यांत कमी, हा मालकांचा हिशेब होता, आणि तो खोटा होता असें म्हणण्यास आम्हांजवळ आधार नाहीं. परंतु त्या जानेवारींत लंडनच्या पिणारांत जें सुतक पडलें तें खरें होतें.

मालकाचा निर्णय पिणारांनीं फिरविल्याचीं उदाहरणें थोडीं. बेल्जमांतील हूगार्डन गांवीं गव्हाची पांढरी बीअर करणारा शेवटचा कारखाना १९५७ मध्यें बंद पडला होता. पिएर सेलिस नांवाच्या गवळ्यानें ती बीअर कांहीं वर्षांनीं पुन्हां सुरू केली. १९८५ च्या आगीनंतर त्यास मोठ्या कंपनीचें साह्य घ्यावें लागलें व हळूहळू ब्रुअरी तिचीच झाली. तीच पुढें इंटरब्रू. २००५ मध्यें कंपनीनें उत्पादन दुसऱ्या गांवीं हलविण्याचें जाहीर केलें. गांव खवळलें, लोक रस्त्यावर आले, आणि २००७ मध्यें निर्णय मागें घेतला गेला. खप वाढल्यानें जुना कारखानाही लागणार होता, हेंही एक कारण होतें. केवळ निषेधाचें हें फळ असें लिहिणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आपल्या देशांत अशी हळहळ कां दिसली नाहीं, असा प्रश्न साहजिक आहे. १९१५ मध्यें कांहीं ब्रुअऱ्या एकत्र होऊन झालेली युनायटेड ब्रुअरीज २०२१ मध्यें हॉलंडच्या हायनकेनच्या ताब्यांत गेली, तरी तिची बीअर पिणारानें आपल्याकडे कोठें मोर्चा काढिल्याचें ऐकिवांत नाहीं. आमच्या मतें त्याचें कारण उदासीनता नव्हे. ती बीअर अनेक प्रांतांत, अनेक कारखान्यांत होत आली असल्यानें एखाद्या गांवानें ती आपली म्हणावी असा प्रसंगच आला नाहीं.

पुन्हां बर्टनकडे येऊं. बासनें मोडलेली ‘युनियन’ पद्धत मार्स्टन्सनें टिकविली होती. १८३८ मध्यें पीटर वॉकर याच्या नांवें तिचें पेटंट झालें. सुमारें दीडशें गॅलनांचीं ओकच्या लाकडाचीं पिंपें ओळीनें आडवीं मांडून एकमेकांस जोडतात. आंबतांना वर येणारा फेंस प्रत्येक पिंपाच्या बोंडींतून हंसाच्या मानेसारख्या नळीनें वरच्या पन्हळींत जातो. तेथें यीस्ट मागें राहतें व बीअर परत पिंपांत उतरते. देखभालीस कुशल पिंपकार लागतात, जागा लागते, पैसाही लागतो. जानेवारी २०२४ मध्यें भागीदार कंपनीनें खप घटल्याचें कारण देऊन शेवटचे संच बंद करण्याचें जाहीर केलें. ही बातमी पिणारांत पसरली तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं आतां लाकूड जळणास जाणार. परंतु न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनीं मध्यें पडून रदबदली केली, व एक संच डर्बीशायरमधील थॉर्नब्रिज ह्या स्वतंत्र ब्रुअरीस मिळाला. त्याच वर्षीं तो तेथें पुन्हां बीअर आंबवूं लागला. गांव सुटलें, रीत वांचली.

बर्टनमधील बासच्या वस्तु व कागद ह्यांचें नशीब इतकें सरळ नाहीं. पेढीच्या द्विशताब्दीस, १९७७ मध्यें, तेथें संग्रहालय उघडलें. नव्या मालकांनीं तें २००८ मध्यें बंद केलें. लोकांनीं खटपट करून २०१० मध्यें निराळ्या नांवानें पुन्हां उघडविलें. आणि २०२२ मध्यें मालकास जागा कचेरीसाठीं हवी झाल्यानें तें त्या जागेवरून उठलें. संग्रहाची व्यवस्था एका विश्वस्त मंडळाकडे आहे, म्हणून तो फुटला नाहीं, हीच त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. खरेदीखतांत नांव, कारखाना, यंत्रें व मक्ते ह्यांची किंमत लावलेली असते. पाकवह्यांच्या रकान्यांत सहसा कांहीं लिहिलेलें नसतें. पिणारांच्या चळवळींतही वह्यांचें नांव क्वचित् निघतें, आणि आमचें त्यांच्याशीं काय भांडण असेल तर तें एवढेंच. पिंपांतील बास कोणत्या कोणत्या पबमध्यें मिळते ह्याच्या याद्या ते मोठ्या प्रेमानें तयार करितात. तीच मेहनत एखाद्या जुन्या पाकवहीच्या नकलेवर झाली असती तर चवीविषयींचा वाद बराचसा मिटला असता.

आमच्या स्नेह्यांच्या लेबलावर मिति नाहीं. तें पुण्यास कोणत्या सालीं व कोणाच्या दुकानांतून आलें हें ठरविण्यास स्थानिक कागदच पाहिजेत. पुणें लष्कर, खडकी, अहमदनगर किंवा देवळाली येथील छावण्यांतील मद्यविक्रेत्यांच्या, विशेषतः पारशी दुकानदारांच्या, खतावण्या, बंदरच्या जकातीच्या याद्या किंवा पलटणींच्या कँटीनचे हिशेब ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांत बर्टनच्या मालाची नोंद आढळल्यास सालासह मंडळास कळवावें. तसेंच लाल त्रिकोणाचें दुसरें लेबल कोणाजवळ असल्यास त्याची छापील कडा, त्रिकोणाखालील सही व कागदाची जात आमच्या लेबलाशीं ताडून पाहण्याची संधि द्यावी. खरें-खोटें ठरविण्यास निदान दोन प्रती तरी लागतात.